मोबाईलच्या कॅमेऱ्यातून खेळाडूची हालचाल कशी वाचावी: नवख्या प्रशिक्षकांसाठी बायोमेकॅनिक्सची सुरुवात

डिचोली, सत्तरी, पेडणे किंवा फोंड्याच्या एखाद्या शाळेत फुटबॉलचा संघ अचानक तुमच्याकडे सोपवला गेला असेल, गावच्या क्लबात संध्याकाळी पोरांना पळवायचं काम गळ्यात पडलं असेल, किंवा बीपीएडला (शारीरिक शिक्षणाच्या पदवीला) बायोमेकॅनिक्सचा, म्हणजे शरीराच्या हालचालींमागच्या जोर-तोलाच्या शास्त्राचा, पेपर समोर येऊन ठाकला असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या. बांबोळीला सिंथेटिक ट्रॅक आहे, फातोर्ड्याचं स्टेडियम आहे. पण आपल्यापैकी बहुतेकांचं मैदान म्हणजे तांबडी माती, एका कडेला चिऱ्यांचा गडगा आणि पावसाळ्यात घोटाभर चिखल. अशा मैदानावर, खिशातल्या फोनवर जेवढं जमतं तेवढंच मी इथे सांगणार आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. चूक जिथे दिसते तिथे ती बहुतेक वेळा सुरू झालेली नसते. चेंडू बारवरून जातो, उडी तोकडी पडते, धावणाऱ्याचा गुडघा दुखतो. हे सगळं शेवटी दिसतं. त्याचं कारण एक-दोन पावलं आधी किंवा एक सांधा अलीकडे-पलीकडे असतं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या कारणापर्यंत उलट चालत जाण्यासाठी आहेत.

जवळ काय काय हवं

- स्लो-मोशन असलेला फोन. सेकंदाला १२० चित्रं घेणारा चालेल, २४० घेणारा उत्तम.
- ट्रायपॉड. नसेल तर स्टूल, त्यावर चिरा आणि फोन बांधायला रबर. हातात धरून काढलेला व्हिडिओ मोजमापाला कुचकामी.
- मोजपट्टी आणि बरोबर एक मीटर लांबीची काठी.
- चुना किंवा खडू, आणि रंगीत चिकटपट्टी. घोटा, गुडघा, खुबा, खांदा यांवर छोटे तुकडे चिकटवले की पडद्यावर सांधे सापडतात.
- विंडोज लॅपटॉप मिळाला तर त्यावर ‘किनोव्हिया’ टाकून घ्या. फुकट आहे, चित्रं एकेक करून पुढे-मागे सरकवता येतात, कोन आणि अंतर मोजता येतं.
- वही. ॲप कितीही असोत, वही हवीच.
- पालकांचं सहीनिशी संमतिपत्र. कशासाठी चित्रीकरण करणार, कोण बघणार, किती दिवस ठेवणार हे त्यात स्पष्ट लिहा आणि मुख्याध्यापकांना एक प्रत द्या. मुलींच्या संघासाठी तर याशिवाय कॅमेरा बाहेर काढूच नका.

महागडं घड्याळ, सेन्सरवाला पट्टा यांतलं काहीच सुरुवातीला लागत नाही. विकणारा लागतं म्हणेल.

१. आधी चार कल्पना घोटून घ्या

या पायरीवर घाई करू नका. पुढचं सगळं यावर उभं आहे.

पहिली कल्पना जमिनीची. खेळाडू पुढे जातो, कारण तो जमिनीला मागे ढकलतो आणि जमीन तेवढ्याच जोराने त्याला पुढे ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो. मैदानावर आलं की कुणाला आठवत नाही. स्थिर उभं राहिलं की जमिनीचा हा उलटा जोर आपल्या वजनाइतका असतो. चालताना थोडा वाढतो. धावताना मात्र दर पावलाला वजनाच्या साधारण दोन ते तीन पट होतो, म्हणजे ५० किलोचा मुलगा एकेका पायावर क्षणभर १०० ते १५० किलोचा भार पेलत असतो. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीजवर आदळतो तेव्हा तो पाच पटींच्याही वर जाऊ शकतो. ‘अजून दोन ओव्हर टाक रे’ म्हणण्याआधी हा आकडा आठवा.

जोराइतकीच त्याची दिशाही महत्त्वाची. पाऊल शरीराच्या खूप पुढे पडलं तर जमीन खेळाडूला मागे ढकलते, म्हणजे तो दर पावलाला स्वतःच ब्रेक मारतो. ओल्या मैदानावर घर्षण कमी, त्यामुळे मागे ढकलायला आधारच मिळत नाही आणि पाय सटकतो. पावसात पोरं आपोआप पावलं आखूड टाकतात ती म्हणूनच. त्यांना ‘लांब पाऊल टाक’ म्हणून ओरडू नका, ती बरोबर करताहेत.

दुसरी कल्पना गुरुत्वमध्याची, म्हणजे शरीराचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं त्या बिंदूची. सरळ उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या जरा खाली, उंचीच्या साधारण ५५ टक्क्यांवर असतो. पण तो एका जागी खिळलेला नसतो. हात वर केले की वर जातो, कंबरेत वाकलं की शरीराच्या बाहेरही पडतो. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉस्बरीने पाठीवरून उलटून २.२४ मीटर पार केले. त्या पद्धतीत पाठीची कमान होते आणि अंग बारच्या वरून जात असताना गुरुत्वमध्य बारच्या खालूनही जाऊ शकतो. तेवढ्याच ताकदीत जास्त उंची मिळते ती अशी. आपल्याकडे रोज दिसणारं उदाहरण कबड्डीचं. चढाई करणारा बोनस रेषेसाठी पाय लांबवतो तेव्हा गुरुत्वमध्य दोन पावलांमधल्या आधाराच्या अगदी कडेला येतो. नेमक्या त्याच क्षणी घोटा धरला तर बारीक पोरगंही धिप्पाड गड्याला पाडतं. एरवी तेच पोरगं फरफटत जाईल.

तिसरी कल्पना सांध्यापासूनच्या अंतराची. घरातलं दार आधी बिजागरीजवळ बोट लावून ढकला, मग कडीजवळ. जोर तोच, पण परिणामात जमीन-अस्मानाचा फरक. आपले स्नायू बहुतेक ठिकाणी बिजागरीजवळ ढकलणाऱ्या बोटासारखे बसवलेले आहेत. दंडाचा स्नायू कोपरापासून साधारण ४-५ सेंमीवर पुढच्या हाताला जोडलेला असतो, तर तळहातातलं वजन कोपरापासून ३० ते ३५ सेंमी दूर असतं. म्हणून हातात ५ किलो धरलं तर स्नायूला त्याच्या सातपट, ३५ किलोच्या आसपास ओढावं लागतं. हा तोट्याचा सौदा वाटेल, पण बदल्यात वेग मिळतो. स्नायू इंचभर आखडतो आणि हात वीतभर फिरतो. चेंडू फेकणं, लाथ मारणं याच सौद्यावर चालतं.

चौथी वेळेची. तोच धक्का जास्त वेळात पसरवला की जोर कमी लागतो. चांगला गोलरक्षक चेंडू हातांवर आदळू देत नाही, छातीकडे ओढत घेतो. उडीवरून उतरताना गुडघे आणि खुबे वाकवायचे ते याचसाठी.

२. कौशल्याचे तुकडे पाडा, तेही चित्रीकरणाच्या आधी

फोन बाहेर काढण्यापूर्वी वहीत लिहा: या हालचालीत मला कोणते क्षण थांबवून बघायचे आहेत? फुटबॉलच्या लाथेसाठी पाच पुरतात. शेवटच्या आधीचं पाऊल, आधाराचा पाय टेकणं, मारणारा पाय सगळ्यात मागे असणं, चेंडूला स्पर्श, आणि त्यानंतर पाय कुठे गेला. उडीसाठी सगळ्यात खाली वाकलेला क्षण, जमीन सोडताना, हवेत वर, आणि उतरताना पहिला स्पर्श.

प्रत्येक क्षणासाठी एकच प्रश्न लिहा. ‘आधाराचा पाय चेंडूच्या कुठे आहे?’ असा, हो-नाही किंवा सेंटिमीटरमध्ये उत्तर देता येईल असा. ‘टेक्निक कशी आहे?’ हा प्रश्न नव्हे. त्याचं उत्तर ‘बरी आहे’ एवढंच येतं.

३. कॅमेरा लावा

इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात, म्हणून जरा सविस्तर.

कॅमेरा हालचालीच्या दिशेला काटकोनात ठेवा. मुलगा डावीकडून उजवीकडे धावणार असेल तर तुम्ही त्याच्या बाजूला हवेत. कॅमेरा तिरका असला की कोन बदलून दिसतात आणि किनोव्हियात काढलेले अंश म्हणजे नुसती करमणूक. उंची खेळाडूच्या कंबरेइतकी ठेवा. फोन जमिनीवर ठेवला तर पोरगं राक्षसासारखं भव्य दिसतं, पालक खूश होतात, मोजमाप चुकतं.

अंतर आठ-दहा मीटर ठेवा आणि जरूर पडली तर झूम करा. फार जवळून काढलं की चित्राच्या कडेला अवयव ताणल्यासारखे दिसतात. एकदा फोन बसवला की तो खेळाडूमागे फिरवायचा नाही. खेळाडू चित्रातून आरपार निघून जाऊ दे.

एक मीटरची काठी खेळाडू ज्या रेषेवरून जाणार त्याच रेषेवर आडवी ठेवून आधी तिचं चित्र घ्या, मग उचला. ती रेषेच्या दोन मीटर अलीकडे ठेवलीत तर काठी मोठी दिसणार आणि तुमचा खेळाडू पडद्यावर बुटका ठरणार.

उजेडाचं गणित वेगळं आहे. सेकंदाला २४० चित्रं घ्यायची तर प्रत्येक चित्राला फार थोडा वेळ मिळतो, त्यामुळे भरपूर ऊन लागतं. जुलैच्या झाकोळलेल्या संध्याकाळी काढलेल्या व्हिडिओत पाऊल म्हणजे नुसता धूसर पट्टा असतो. सभागृहात काढाल तर दिवे लुकलुकताना दिसतील. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात आणि स्लो-मोशन ते पकडतं. कॅमेरा बिघडलेला नाही, खिडकीच्या बाजूला सरका.

आणखी एक सापळा व्हॉट्सॲपचा. तिथून नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो, बारीक तपशील जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर केबलने थेट लॅपटॉपवर घ्या.

४. पहिली मोजणी: उभ्या जागेवरून उडी

नवख्याने सुरुवात उडीने करावी. सोपी आहे, आणि पंधरा मिनिटांत खरा आकडा हातात येतो.

मुलाला हात कंबरेवर ठेवून, किंचित खाली वाकून सरळ वर उडी मारायला सांगा. पाय जमीन सोडतात ते पहिलं चित्र आणि पुन्हा टेकतात ते पहिलं चित्र शोधा. मधली चित्रं मोजा आणि सेकंदाला जितकी चित्रं फोन घेतो त्याने भागा. हा झाला हवेतला वेळ. २४० च्या वेगाने १२० चित्रं म्हणजे अर्धा सेकंद.

आता हवेतल्या वेळेचा वर्ग करा आणि १२२.६ ने गुणा. उत्तर सेंटिमीटरमध्ये. अर्ध्या सेकंदाला ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५, गुणिले १२२.६, म्हणजे साधारण ३१ सेंमी. ०.४ सेकंदाला जवळपास २० सेंमी, ०.६ सेकंदाला ४४. हा १२२.६ गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाला आठने भागून आलेला आहे: अर्धा वेळ वर जाण्यात, अर्धा खाली येण्यात.

साध्या ३० चित्रांच्या व्हिडिओवर हे का करू नये, तेही बघा. एक चित्र इकडे-तिकडे झालं तर वेळेत ०.०३३ सेकंदाचा फरक पडतो आणि ३१ सेंमीची उडी ३५ सेंमी होऊन बसते. २४० वर तेवढ्याच चुकीने जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडतो. फोन स्लो-मोशन काढताना खरा वेग किती घेतो हे सेटिंगमध्ये तपासा. चालवताना तो आठपट सावकाश दाखवतो, आणि लोक घड्याळ लावून तो वेळ मोजतात, मग पोरगं चार सेकंद हवेत राहिलेलं निघतं.

मुलंही हुशार असतात. उतरताना गुडघे पोटाशी घेतले की पाय उशिरा टेकतात आणि आकडा फुगतो. जमीन सोडताना जसे सरळ पाय होते तसेच सरळ टेकवायचे, मग गुडघे वाकवायचे, असा नियम करा. टाच उचलून चवड्यावर सुटला तर चवड्यावरच उतरला पाहिजे.

मग दुसरा प्रकार घ्या: खाली वाकून दोन-तीन सेकंद थांबायचं आणि तिथूनच, पुन्हा खाली न जाता, उडी. बहुतेकांची ही उडी पहिल्यापेक्षा कमी भरते. पटकन खाली जाऊन लगेच वर येताना स्नायू आणि टाचेमागची शीर आधी ताणली जातात आणि मग आखडतात, त्यामुळे जोर जास्त मिळतो. थांबलं की तो फायदा जातो. दोन्ही उड्या जवळपास सारख्याच भरणारा मुलगा ताकदीला कमी नसतो, त्याला तो ताण वापरता येत नसतो. त्याला स्क्वॉटच्या पाठी लावण्यापेक्षा दोरीवरच्या उड्या, छोट्या छोट्या सलग उड्या द्या.

५. धावणं वाचा

बाजूने काढलेल्या व्हिडिओत पाऊल टेकण्याचा पहिला क्षण थांबवा. पाऊल खुब्याच्या खाली, थोडंसंच पुढे आहे का? नडगी उभी आहे की पायाचा पंजा पुढे आणि गुडघा मागे अशी तिरपी? तिरपी असेल आणि टाच लांब पुढे आपटत असेल तर हा मुलगा ब्रेक मारत धावतोय. टाच आधी टेकते एवढ्यावरून काही ठरवू नका. लांब पल्ल्याचे पुष्कळ चांगले धावपटू टाचेवर उतरतात. पाऊल कुठे पडतं ते बघा, कोणता भाग आधी टेकतो ते नंतर.

मग पावलांची गती. ३० सेकंद उजवा पाय मोजा आणि चारने गुणा. मिनिटाला १८० पावलं हा आकडा सगळीकडे फिरतो. तो वरच्या दर्जाच्या धावपटूंच्या शर्यतीतल्या निरीक्षणातून आलेला आहे. बारा वर्षांच्या पोराच्या संथ पळण्याला तो लावण्यात अर्थ नाही. ज्याचं पाऊल फार पुढे पडतं त्याची स्वतःची गती ५ ते १० टक्क्यांनी वाढवून बघा. त्याच वेगात पावलं आखूड होतात आणि गुडघ्यावरचा भार उतरतो.

पाठीमागून एकदा काढा. शर्ट खोचायला सांगा, नाहीतर काहीच दिसत नाही. एका पायावर असताना दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकते का, गुडघा आत वळतो का, एवढंच बघा. झुकत असेल तर दोष गुडघ्यात शोधण्याआधी खुब्याच्या बाजूचे स्नायू तपासा.

वाळूबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण किनारा जवळ आहे म्हणून आपण ऊठसूट पोरांना मिरामार किंवा मोरजीला नेतो. कोरड्या मऊ वाळूत धावायला टणक जमिनीपेक्षा साधारण १.६ पट ऊर्जा लागते. पाय रुततो, जमिनीवर जास्त वेळ राहतो, धक्का कमी बसतो, पण टाचेमागच्या शिरेचा तो ताणून सोडण्याचा फायदा वाळू गिळून टाकते. म्हणून वाळू मेहनतीला चांगली, वेग शिकवायला नाही. ओहोटीच्या वेळी पाण्याजवळची ओली वाळू टणक असते, तिथे धावणं रस्त्याच्या जास्त जवळचं. फक्त ती समुद्राकडे उतरती असते. एका दिशेने दोन किलोमीटर गेलात तर सगळा वेळ एकच पाय खालच्या बाजूला राहतो, तेव्हा त्याच पट्ट्यावरून परत या. आणि सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी मऊ वाळूत स्प्रिंट नकोत. दुसऱ्या दिवशी अर्धा संघ पोटऱ्या चोळत बसतो.

६. मारणं आणि फेकणं: जोर खालून वर जातो

लाथ असो, थ्रो असो की भाला, क्रम एकच. आधी मोठे आणि जड भाग हलतात, मग हलके. पाय, खुबा, धड, खांदा, कोपर, मनगट. लाथेत मांडी आधी वेग घेते, मग मंदावते, आणि तो वेग नडगीला आणि पावलाला मिळतो. मधला एक दुवा निसटला तर पुढच्याला भरपाई करावी लागते. नुसत्या खांद्याने फेकणाऱ्याचा खांदा लवकर दुखतो तो याचमुळे.

एका शिबिरातलं सांगतो. कापणी झालेल्या शेतात गोलपोस्ट रोवलेले, चौदा वर्षांखालच्या मुली. त्यातली एक चांगली धावायची, पण पेनल्टीच्या जागेवरून मारलेला तिचा चेंडू हटकून बारवरून जायचा. बांधावर उभे असलेले तिचे काका ओरडत होते, ‘गो बाय, पुढे वाक, पुढे वाक!’ ती पुढे वाकायची आणि चेंडू तरी वरच. बाजूने व्हिडिओ काढला आणि चेंडूला स्पर्श होण्याचा क्षण थांबवला. धड मागे झुकलेलं होतं, काका खोटं बोलत नव्हते. एक क्षण मागे गेलो. आधाराचा पाय चेंडूच्या बाजूला नव्हता, वीतभर मागे होता. तिथून चेंडू गाठायचा म्हणजे मारणारा पाय वर चढू लागल्यावरच तिथे पोचणार, चेंडूच्या खालच्या अर्ध्यात बसणार आणि तोल सांभाळायला धड मागे जाणार. अजून एक क्षण मागे: शेवटच्या आधीचं पाऊल तिने अडखळत, आखूड टाकलेलं. ती चेंडूच्या अगदी सरळ मागून यायची आणि शेवटी पाय जुळवायला घुटमळायची.

धडाबद्दल तिला एक शब्द बोललो नाही. चेंडूच्या बाजूला पाऊलभर अंतरावर चुन्याची एक रेघ मारली, धाव थोडी तिरकी घ्यायला सांगितली, आणि ‘डावा पाय रेघेवर’ एवढंच. धड आपसूक पुढे आलं. सगळेच चेंडू जाळ्यात गेले असं नाही, पण आता ते बारखाली तरी होते.

कोनांबद्दलही एक गैरसमज पक्का बसलेला असतो. पुस्तकात ४५ अंश लिहिलेलं असतं, म्हणून सर ४५ अंशांतच फेकायला लावतात. ते गणित चेंडू ज्या उंचीवरून सुटतो त्याच उंचीवर पडणार असेल आणि कुठल्याही कोनात सारखाच वेग देता येत असेल, तरच खरं. माणसाचं शरीर वरच्या दिशेला तेवढा वेग देऊ शकत नाही. म्हणून गोळाफेकीत कोन साधारण ३५ ते ३८ अंश असतो, भाल्यात ३२ ते ३७ आणि फुटबॉलच्या लांब थ्रो-इनला ३० च्या आसपास. लांब उडीत तर धावण्याचा वेग हीच खरी कमाई असल्याने उड्डाणाचा कोन २० अंशांच्या आगेमागे असतो. मुलाला ४५ अंश गाठायला लावलंत तर तो वेग घालवून बसेल.

आणि एक सक्त सूचना. गोलंदाजाचा हात वाकतो की नाही हे फोनवरून ठरवू नका. आयसीसीची मर्यादा कोपर सरळ होण्याच्या १५ अंशांची आहे आणि ती मोजायला प्रयोगशाळेत एकाच वेळी अनेक कॅमेरे लागतात. एका बाजूने काढलेल्या चित्रात फिरणारा हात वाकलेला नसला तरी वाकलेला दिसतो. गावच्या टेनिस-बॉल स्पर्धेत अशा व्हिडिओवरून पोराला ‘फेक्या’ ठरवताना पाहिलंय. त्या पोराने पुढे गोलंदाजीच सोडली.

७. उतरणं आणि गुडघा

फुटबॉल, बास्केटबॉल, हँडबॉल, कबड्डी यांत गुडघ्याचं एसीएल हे लिगामेंट (सांध्यातली हाडं बांधून ठेवणारा आतला पट्टा) पुष्कळदा कुणाचा धक्का न लागता तुटतं. उडीवरून उतरताना किंवा पटकन दिशा बदलताना गुडघा जवळपास सरळ असतो, आत कोसळतो आणि पाऊल जमिनीत घट्ट रोवलेलं असतं. मुलींमध्ये हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. ओल्या गवतावर लांब स्टडचे बूट चांगले रुततात, पण तेवढंच पाऊल अडकूनही राहतं.

तपासणी सोपी आहे. हलणार नाही अशा ३० सेंमी उंचीच्या ओट्यावरून दोन्ही पायांनी खाली उतरून लगेच वर उडी मारायला सांगा. शाळेचा डुगडुगता बाक अजिबात नको. कॅमेरा या वेळी समोर. सगळ्यात खाली वाकलेल्या क्षणी गुडघे पावलांच्या रेषेत आहेत की अंगठ्याच्या आत गेलेत, ते बघा. आवाजही ऐका: धप्प आवाज म्हणजे ताठ उतरणं.

आत जात असतील तर घाबरू नका, हे शिकवून सुधारतं. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ हा वॉर्म-अप यासाठीच बनवलेला आहे. तीन भाग, १५ व्यायाम, साधारण २० मिनिटं, खास साहित्य काही नाही. आठवड्यातून किमान दोनदा. पहिले काही आठवडे पोरं कंटाळतात. चेंडू त्यानंतरच मिळेल असं ठरवून टाका.

गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज आला आणि काही तासांत सूज चढली, तर व्हिडिओ, मालीश, तेल सगळं बाजूला. थेट इस्पितळात, हाडांच्या डॉक्टरांकडे. पाय टेकवता येतो म्हणून काही झालेलं नाही असं धरू नका. एसीएल तुटलेले खेळाडू चालत मैदानाबाहेर येतात. आणि हालचाल कितीही वाचता आली तरी निदान करणं आपलं काम नाही.

८. एकच गोष्ट सांगा

व्हिडिओ बघितल्यावर सात चुका दिसतील. सातही सांगितल्यात तर मुलाला चालताही येणार नाही. क्षणांच्या क्रमात जी सगळ्यात आधी येते ती निवडा. नंतरच्या काही तिच्याबरोबर आपोआप जातात.

सांगताना शरीरापेक्षा बाहेरच्या वस्तूबद्दल बोला. ‘गुडघा सरळ कर’ यापेक्षा ‘जमीन मागे ढकल’ लवकर पोचतं. ‘मनगट फिरव’पेक्षा ‘चेंडू त्या खांबावर मार’. खो-खोत उठणाऱ्याला ‘खुबा उघड’ म्हणून काही कळत नाही. ‘मागच्या पायाने माती उडव’ म्हटलं की पहिल्याच पावलात वेग दिसतो. व्हिडिओ मुलाला दाखवाच, पण सगळ्या वर्गासमोर नाही.

९. नोंद आणि फेरतपासणी

प्रत्येक चाचणी तीनदा घ्या आणि तिन्ही आकडे लिहा, नुसता सर्वोत्तम नको. तारीख, बूट की अनवाणी, जमीन कोरडी की ओली, सराव आधी झाला होता की नाही, हेही त्याच ओळीत. फायलींना तारीख, मुलाच्या नावाची अद्याक्षरं, कौशल्य आणि कॅमेऱ्याची बाजू या क्रमाने नाव द्या. नाहीतर तीन महिन्यांनी ‘व्हिडिओ ४७’ कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही.

तीन-चार आठवड्यांनी त्याच जागी, त्याच बुटात, दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा मोजा. मे महिन्यात कडक मैदानावर घेतलेली उडी आणि जूनमध्ये सभागृहाच्या गुळगुळीत फरशीवर घेतलेली उडी शेजारी ठेवू नका. एक-दोन सेंटिमीटरचा फरक प्रगती म्हणून पालकांना सांगू नका, तेवढा रोजच इकडे-तिकडे होतो. वाढीच्या वयातल्या मुलांची उंचीही दर वेळी लिहा. काही महिन्यांत उंची झपाट्याने वाढली की हात-पाय लांब होतात, सगळं गणित बदलतं आणि काल छान मारणारा पोरगा काही काळ अडखळतो. तेव्हा तंत्र बदलायला जाऊ नका, सराव हलका ठेवा.

याच्या पुढे शिकायचं असेल तर पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे प्रशिक्षकांसाठीचे अभ्यासक्रम आहेत. जाताना नोंदींची वही सोबत न्या. मुलांचे व्हिडिओ मात्र नेऊ नका. संमतिपत्रात लिहिलेली मुदत संपली की ते फोनमधून, लॅपटॉपमधून आणि फोनच्या क्लाउडमधूनही पुसून टाका.